मिस्त्रींचा कान आणि आपली पुस्तके

कळमन्याचा बाजार म्हटला की डोळ्यांसमोर संत्र्यांचे ढीग, मिरचीची पोती आणि मालट्रकांच्या रांगा उभ्या राहतात. हे ट्रक डिझेलचे, त्यांना कार्बोरेटर नसतो. पण हमाल, मुनीम आणि भाजीवाले ज्या जुन्या लुना, चेतक आणि मोटारसायकली अजून वापरतात, त्यांचा श्वास कार्बोरेटरवरच चालतो. तो श्वास नीट करून देणाऱ्या मिस्त्रीला आपण सुशिक्षित मंडळी सर्रास ‘अडाणी’ समजतो. हा समज कितपत खरा, एवढेच येथे पाहायचे आहे.

कार्बोरेटरचे काम सांगायला सोपे आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल फवारले जाते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा, हे त्याचे गणित. सोलेक्स पद्धतीच्या जेटवर 120 असा आकडा असला, तर छिद्राचा व्यास 1.20 मिलिमीटर. पण मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि डिसेंबरात अचूक असलेले मिश्रण जड होते. मिस्त्री प्लग काढून पाहतो. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, तपकिरी असेल तर ठीक. हे निदान नव्हे तर काय?

ज्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे जगभर कौतुक होते, त्यांचेही याहून वेगळे नाही. मद्रासला 1961 पासून तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डच्या सांगाड्यावरच इंग्लंडमध्ये 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर निघाली. तिला दोन एस. यू. कार्बोरेटर. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, म्हणून कारागीर रबरी नळी कानाला लावून दोन्हींचा सुस्कारा ऐकतो आणि स्क्रू फिरवत एकसारखा करतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवणे याहून निराळे असते का? एकाला आपण कलावंत म्हणतो, दुसऱ्याला मात्र नुसते ‘ए मिस्त्री’!

कोणी म्हणेल, गेलेल्या यंत्राचे रडगाणे कशाला? 1 एप्रिल 2020 पासून भारत टप्पा 6 चे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्या बहुधा गरिबांच्याच आहेत. त्यांच्यापुढे आज नवा प्रश्न आहे. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. या मिश्रणाला एका भागास सुमारे 13.5 भागच हवा लागते. जेट जुनेच राहिले तर मिश्रण हलके पडते आणि इंजिन तापते. टू-स्ट्रोक गाडीत तर वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबरच येते, म्हणून तेथे धोका अधिक. हिशेबाने 120 च्या जागी साधारण 125 चे जेट हवे. शिवाय इथेनॉलने जुने रबर खराब होते, ते वेगळेच. ही समज नसेल तर हमालाची महिन्याची कमाई पिस्टनमध्ये जाते.

ही विद्या आजवर गुरूच्या हातून शिष्याच्या हाती गेली. आता शिकायला नवा पोऱ्या येत नाही आणि मराठीत कोणी लिहून ठेवत नाही. आपल्या महाविद्यालयात मराठी आहे, अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे. लोकगीते गोळा करायला आपण खेड्यात जातो, मग वही घेऊन कळमन्यापर्यंत जायला काय हरकत आहे? मिस्त्रींचे शब्द, त्यांचे ठोकताळे, नव्या पेट्रोलवर त्यांनी काढलेले उपाय नोंदवून साध्या मराठीत एक छोटी पुस्तिका करता येईल. तिचा उपयोग परीक्षेत होणार नाही, पण कोणाची तरी लुना चालू राहील. कला शाखेने एवढे केले तरी ‘कला’ या शब्दाची लाज राखली जाईल.