दृष्टीआड सृष्टी आणि दुचाकीस्वाराचा जीव

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेडकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग असो की त्याला येऊन मिळणारे आडरस्ते असोत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाचे डोंगर वाहू लागतात. त्याच रस्त्याने दुधाचे कॅन लटकावलेला दूधवाला, विष्णुपुरीच्या विद्यापीठाकडे निघालेला विद्यार्थी आणि मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारावयास निघालेला शेतकरी मोटारसायकलीवरून जात असतात. या दोहोंची गाठ पडते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या आतील पानावर चार ओळींची बातमी येते. ‘दुचाकीस्वार ठार’ एवढ्या दोन शब्दांत एक संसार संपतो. वाचक पान उलटतो.

असे मृत्यू तुरळक नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत दगावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४हून अधिक, दुचाकीवरील होती. महाराष्ट्रातील एकूण बळींची संख्या त्या वर्षी १५,२२४ होती. एवढ्या मोठ्या मनुष्यहानीची मीमांसा आपण बहुधा ‘बेदरकारपणा’ या एका शब्दावर आटोपतो. तरुण पोरे वेगाने गाड्या हाकतात, शिरस्त्राण घालीत नाहीत, हे खरेच आहे. तथापि रस्त्यावरील एक मोठा धोका असा आहे की, ज्यात कोणीही बेदरकार नसताना माणूस मरू शकतो. तो धोका म्हणजे अवजड वाहनाच्या चालकाला न दिसणारी जागा, अर्थात ‘ब्लाइंड स्पॉट’.

या जागा कोणत्या, हे प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असावयास हवे. ट्रकच्या नाकासमोर अगदी निकट उभी असलेली मोटारसायकल उंचावर बसलेल्या चालकाला काचेतून दिसत नाही. ट्रकच्या पाठीमागे लागून चालणाराही त्याच्या आरशात येत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने सर्वांत मोठी अदृश्य पट्टी डाव्या अंगाला असते आणि घाईतला दुचाकीस्वार नेमका डावीकडूनच पुढे घुसतो. त्यातच लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कोपरा कापीत येतात. त्या कोपऱ्यात सापडलेल्याला निसटावयास वाव उरत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची तर गोष्टच निराळी! दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असल्याने ट्रॅक्टरवाल्याला मागचे काही दिसत नाही, आणि मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसेल तर अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉलीही दिसत नाही. अंधत्व असे दुहेरी होते.

‘दृष्टीआड सृष्टी’ अशी म्हण आपण सहजपणे वापरतो. रस्त्यावर मात्र या दृष्टीआडच्या सृष्टीत जिवंत माणसे असतात, आणि ती दृष्टीआड का राहिली हा प्रश्न बऱ्याच अंशी आर्थिक आहे. पूर्वी ट्रकवर क्लीनर हटकून असे. तो डाव्या दाराशी बसून बाजूचे पाही, हाताने पत्रा वाजवून चालकाला सावध करी. पुढे त्याचा पगार वाचविण्यासाठी अनेक मालकांनी त्याला कमी केले. मालकाच्या वहीत ती काटकसर ठरली. वस्तुतः खर्च कमी झाला नाही. तो शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नावे पडला.

अशा प्रकाराला अर्थशास्त्रात ‘बाह्य खर्च’ म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे उदाहरण दिले होते. ठिणग्यांनी लगतच्या रानाची हानी होते, परंतु ती भरून द्यावी लागत नाही तोवर रेल्वे कंपनीच्या हिशेबात ती दिसत नाही. पुढे १९७० साली अमेरिकन कायदेपंडित ग्विदो कालाब्रेसी यांनी अपघातांच्या खर्चाविषयी असे प्रतिपादन केले की, जो पक्ष अपघात सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर भार टाकणे समाजाच्या हिताचे असते.

हा निकष आपल्या रस्त्यांना लावून पाहावा. दुचाकीस्वाराने शिरस्त्राण घालावे, डावीकडून पुढे जाऊ नये, चालकाचा चेहरा आरशात दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही हे ओळखावे. हे त्याचे कर्तव्य आहेच. परंतु शिरस्त्राणाने डोके वाचण्याची शक्यता वाढते. ते घातल्याने माणूस ट्रकचालकाला दिसू लागत नाही. ती सोय मोठे वाहन रस्त्यावर आणणाऱ्यानेच करावयास हवी. चार बहिर्वक्र आरसे, मागचा दिवा आणि परावर्तक पट्ट्या यांना येणारा खर्च वाहनाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे. लंडन शहराने मार्च २०२१पासून बारा टनांवरील मालमोटारींना, चालकाला थेट किती दिसते यावरून दर्जा देऊन परवाना सक्तीचा केला आणि ऑक्टोबर २०२४पासून ते निकष अधिक कडक केले. लंडनची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मान्य. पण आरशाला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे तर अंमलबजावणीचे नाके आयतेच उपलब्ध आहेत. ऊस वाहणारे प्रत्येक वाहन कारखान्याच्या काट्यावर येतेच. वाहतूकदाराशी करार कारखाना करतो, त्याला उचल कारखाना देतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसउत्पादकाच्या देयकातून कापलाही जातो. आरसे, दिवा व परावर्तक नसलेल्या ट्रॉलीचे वजन होणार नाही, एवढे एक कलम करारात घातले तर पोलिसांची फौज न उभारता बरेच साधेल. हा खर्च हंगामातील शेकडो टनांवर विभागला तर दर टनी नगण्य ठरेल. तो कारखान्याने सोसावा; शेतकऱ्याच्या माथी मारू नये. मोंढ्यांतील बाजार समित्यांनाही मालमोटारींच्या बाबतीत आपल्या दारात हाच नियम करता येईल. परावर्तकांची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत १९८९पासून आहे. उणीव आहे ती नियम पाळला गेला की नाही हे पाहणाऱ्या डोळ्यांची.

ट्रकचालकाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. खेपेवर मजुरी मिळणारा, झोप अपुरी असलेला तो माणूसही याच व्यवस्थेचा बळी आहे. आणि जे त्याला दिसलेच नाही त्याबद्दल अपघातानंतर जमावाचा मारही तोच खातो. दुसऱ्या बाजूला मृताच्या घरी काय उरते? जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या पाहणीत भारतातील शेकडा ७५हून अधिक गरीब कुटुंबांनी अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगितले. त्यांचे नुकसान सात महिन्यांच्या मिळकतीहून अधिक होते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात मोटारसायकल बहुधा कर्जावर घेतलेली असते. कमावता हात जातो आणि हप्ते मागे राहतात.

विम्याची भरपाई मिळते, पण ती दावा चालून, वर्षे लोटल्यावर. आरसा मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वी एका दुपारी बसविता येतो. येत्या गाळपापूर्वी नांदेड-लातूर परिसरातील कारखान्यांच्या संचालक मंडळांनी एवढा एक ठराव करावा, आणि सभासद शेतकऱ्यांनी वार्षिक सभेत तो मागून घ्यावा. त्या रस्त्याने मोटारसायकलीवरून जाणारी मुले त्यांचीच आहेत.