सूर्यास्तापूर्वीची मजुरी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-वसईच्या किनारपट्टीवरील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आगेऱ्याचा सण साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात आणि धर्मगुरूंच्या हस्ते त्यांना आशीर्वाद दिला जातो. घाटावरील मंडळ्यांतही सुगी झाली म्हणजे धान्य, भाजीपाला, फळे वेदीपुढे आणून ठेवण्याचा प्रघात आहे. हे उपकारस्मरण यथार्थ आहे, सुंदर आहे. परंतु ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे ते केले जाते, त्याच शास्त्रात पिकासंबंधी आणखी एक वचन आहे, आणि ते वेदीवरून क्वचितच ऐकू येते. याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात धनवंतांना बजावतो की, ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करीत आहे आणि कापणी करणाऱ्यांचा तो आकांत सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचला आहे. वेदीपुढे ठेवलेल्या धान्याची मजुरी चुकती झाली आहे की नाही, हा प्रश्न याकोबाच्या दृष्टीने उपासनेच्या बाहेरचा नाही.

हा विचार याकोबाने नव्याने काढलेला नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रातील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की, मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो वा आपल्या गावात राहणारा परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, त्याच्या हाती पडली पाहिजे; कारण तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो, आणि त्याने तुमच्याविरुद्ध परमेश्वराकडे दाद मागितली तर ते तुमच्या माथी पाप ठरेल. या आज्ञेत मालकाच्या दयाबुद्धीला आवाहन नाही. मजुराचा हक्क, त्याची मुदत आणि हक्क बुडवणाऱ्याचा अपराध या तीनही गोष्टी तिथे एखाद्या दस्तऐवजाच्या काटेकोरपणाने नमूद केल्या आहेत. आणि आपला व परका हा भेद तर पहिल्याच वाक्यात निकालात काढला आहे. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेतन संहितेतही रोजंदारीच्या कामगाराचे वेतन पाळी संपताच द्यावे अशी तरतूद आहे. म्हणजे शास्त्र आणि कायदा या बाबतीत एकाच मुक्कामी येऊन ठेपले आहेत. अडले आहे ते अंमलापाशी.

कोणत्याही शहरातील मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन उभे राहावे. बिगारी, गवंडी, रंगारी आपापली हत्यारे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. टेम्पो येतो, माणसे मोजली जातात, रोज तोंडी ठरतो आणि गाडी निघून जाते. दहा वाजून गेले तरी ज्यांना कोणी नेले नाही त्यांचे चेहरे पाहिले म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांताचा निराळा उलगडा करावा लागत नाही. दिवस बुडायला एक तास उरला असता धनी बाजारात जातो, रिकामे का उभे आहात असे विचारतो, आणि आम्हाला कोणी कामावर लावले नाही हे सरळ उत्तर त्याला मिळते. त्यांनाही तो पूर्ण दिवसाचा रोज देतो, आणि पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर सुरू होते. त्या औदार्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. परंतु औदार्य दाखवण्याआधी त्या धन्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून सर्वांची मजुरी चुकती करण्यास सांगितले, म्हणजे आधी कायदा पाळला, याकडे आपले दुर्लक्ष होते. अड्ड्यावरच्या मजुराला मात्र पुष्कळदा आठवड्याच्या शेवटी हिशेब करू असे सांगितले जाते, आणि आठवडा संपला की ठेकेदाराचा फोन लागत नाही. बुडालेल्या चार दिवसांच्या रोजासाठी तो फिर्याद कुठे करणार? कचेरीत हेलपाटे घालायचे तर पाचवा रोजही बुडतो.

याहून बिकट अवस्था उसाच्या फडात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. इथे मजुरी अडकवून ठेवली जात नाही. ती आधीच उचल म्हणून देऊन माणूसच अडकवून ठेवला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, व्यवहार नवऱ्याच्या नावाने होतो, आणि पहाटे फडात उतरून मोळ्या बांधणाऱ्या, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या स्त्रीच्या नावावर एका पैशाचीही नोंद राहत नाही. आजारपणाने खाडा पडला तर त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. हंगाम सरला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने संपुष्टात आली, पण उचल देणाऱ्या मुकादमाच्या वहीतील ही बाकी अनेक कुटुंबांच्या मानेवर पिढीजात जोखड होऊन बसली आहे.

पवित्र शास्त्रातील नहेम्याच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. यरुशलेमेचा कोट बांधला जात असता लोक आपल्या बायकांसह आक्रोश करीत येतात. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी शेते गहाण पडली आहेत, मुली दास्यात गेल्या आहेत. कोटाचे काम निकडीचे होते, शत्रू टपलेला होता; तरीही नहेम्याने त्यांची तक्रार तहकूब केली नाही. त्याने सरदारांना सभेसमोर उभे केले, शेते, मळे, घरे आणि व्याज आजच परत करा असे फर्मावले, आणि याजकांना बोलावून त्या सरदारांकडून शपथ घेतली. स्वतः तो १२ वर्षे सुभेदार होता, पण रयतेवर बोजा नको म्हणून सुभेदारीचा अन्नभत्ताही त्याने घेतला नाही. लोककल्याणाच्या बांधकामासाठी लोकांनाच गहाण पडू देता येत नाही, हा त्या अध्यायाचा निर्णय आहे.

यावर काही श्रद्धाळू मंडळी म्हणतील की, शास्त्र आत्म्याच्या तारणासाठी आहे, त्याला रोजंदारीच्या वादात ओढू नये. त्यांनी यिर्मयाचा २२ वा अध्याय वाचावा. शेजाऱ्याला फुकट राबवून गंधसरूच्या लाकडाचा प्रशस्त वाडा बांधणाऱ्या राजाला संदेष्टा त्याच्या बापाची आठवण करून देतो: त्याने दीनदरिद्र्यांचा न्याय केला, आणि परमेश्वराला ओळखणे म्हणजे हेच. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्र काढले, तेव्हा मजुरी बुडवण्याला घोर अपराध ठरवताना त्यांनी याकोबाच्या याच वचनाचा आधार घेतला होता. देवाची ओळख आणि मजुराचा हिशेब यांची फारकत शास्त्राला मान्य नाही.

म्हणून पहिली जबाबदारी ख्रिस्ती समाजावर येते. आपल्या शाळांतील शिपाई, रुग्णालयांतील सफाई कामगार, चर्चच्या आवारात झाडलोट करणाऱ्या बाया यांपैकी कितीजण वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत आणि त्यांचा पगार कोणत्या तारखेला होतो, याची चौकशी प्रत्येक मंडळीने करावी आणि पुढील सुगीच्या सणाआधी त्यांची बाकी बेबाक करावी. परंतु ही आज्ञा केवळ ख्रिस्त्यांपुरती नाही. घरकामाच्या बाईचा महिना भरला म्हणजे सुट्टे नाहीत, साहेब गावाला गेले आहेत, अशी सबब न सांगता त्याच दिवशी पैसे द्यावेत. रंगाऱ्याला संध्याकाळी हात धुऊन झाल्यावर ताटकळत ठेवू नये. साखर कारखान्यांनी उचलीचा हिशेब लेखी करून नवऱ्याइतकाच बायकोच्याही नावे, तिच्या हातात द्यावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याचे देणे आहे त्याला ते आज, दिवस मावळण्यापूर्वी द्या.