थर्टी फर्स्टला एक ‘जग’ सगळ्यांचा!

थर्टी फर्स्टचा प्लॅन ठरवायला एव्हाना तुमच्या ग्रुपवर पोल पडला असेलच. फ्लॅट कुणाचा, स्पीकर कुणाचा, काँट्री किती, बिर्याणी कुठून मागवायची. ड्रिंक्सची यादी तर अगदी ब्रँडसकट तयार असते. आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी एक ओळ टाकतं, ‘‘जे घेत नाहीत त्यांच्यासाठी कोल्ड्रिंक.’’ विषय संपला!

गेल्या वर्षी ही ओळ मीच टाकली होती.

पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या टू बीएचकेमध्ये अकरा जण जमलो होतो. किचन ओट्याच्या एका बाजूला बिअरच्या बाटल्या, चिरलेलं लिंबू, मसाला शेंगदाणे आणि घासूनपुसून ठेवलेले काचेचे ग्लास. दुसऱ्या बाजूला दोन लिटर कोला आणि कागदी कप. आमचा एक मित्र त्या रात्री कागदी कप घेऊन फिरत होता. आधी तो आमच्यासोबत घ्यायचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्या कपाकडे. ‘‘काय रे, आजारी आहेस का?’’ ‘‘कुणी शपथ घातली काय?’’ ‘‘एवढा संस्कारी कधी झालास?’’ तो प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होता. एकाला ॲसिडिटी सांगितली, दुसऱ्याला अँटिबायोटिक्स, तिसऱ्याला नुसतं हसून टाळलं. साडेअकराच्या सुमाराला मी एक ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. ‘‘घे रे, एकच. वर्षाचा शेवट आहे.’’

त्याने घेतला.

जानेवारीत टपरीवर चहा पिताना त्याने सांगितलं, की तोपर्यंत त्याला सोडून सात महिने झाले होते. कारण घरातलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही, ती त्याची गोष्ट आहे. तो माझ्यावर चिडला नव्हता. ‘‘तुला कुठे माहीत होतं,’’ एवढंच म्हणाला. पण तेच तर ना! मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी आग्रह केला. आपल्याकडे जेवताना ‘अजून एक पोळी घ्याच’ म्हणण्याची सवय असते, तीच सवय आपण ग्लासापर्यंत नेतो. पोळीने फार तर पोट जड होतं.

त्यामुळे यंदा माझं मत पक्कं झालंय. पार्टी ज्याच्या घरी असेल त्याने फळांचा रस, पुदिना, गवती चहा घालून एक मोठा जग घरीच बनवायचा. त्यात दारूचा थेंब नसेल. पण तो ‘न पिणाऱ्यांसाठी’ म्हणून कोपऱ्यात ठेवायचा नाही. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, चांगल्या ग्लासांसोबत, सगळ्यांसाठी. ज्याला बिअर हवी तो नंतर बिअर घेईल. पहिला ग्लास मात्र सगळ्यांचा सारखा.

तुम्ही म्हणाल, हे तर मॉकटेल झालं. पण मला हा शब्दच खटकतो. ‘मॉक’ म्हणजे नक्कल. म्हणजे खरं ड्रिंक दुसरंच आहे आणि हे त्याचं डमी! आपल्या घरात असं कधी नव्हतं. चैत्रात हळदीकुंकवाला कैरी उकडून, गूळ आणि वेलची घालून पन्हं करतात. त्याला कुणी ‘बिनदारूचं’ म्हणत नाही. कोकम सरबत किंवा सोलकढीही कशाची नक्कल नाही. सणाच्या दिवशी फळाचं पेय करून सगळ्यांना एकसारखं देणं ही आपल्याला नवी गोष्ट नाहीच. फक्त थर्टी फर्स्टला आपण ती विसरतो.

कॅफेतली मॉकटेल्स मला आवडत नाहीत, याचं कारणही सांगते. ती नुसती गोड असतात. अल्कोहोलमुळे घशाला जो चटका बसतो तो काढून टाकल्यावर त्याच्या जागी काहीतरी हवं ना! तिथे सिरप ओतलं की लहान मुलांचं सरबत होतं. चटक्यासाठी आलं आणि मिरी, आंबटपणासाठी लिंबू, आणि चव उठून यायला चिमूटभर काळं मीठ, एवढं जमलं की मोठी माणसंही दुसरा ग्लास मागतात.

आता कृती. डिसेंबरमध्ये बाजारात संत्री भरपूर असतात, म्हणून मी संत्र्याचा जग करते. आठ ग्लासांसाठी डझनभर संत्री लागतात. आदल्या रात्री एक कप पाण्यात अर्धा कप साखर, कात्रीने कापलेली गवती चहाची आठ-दहा पानं, इंचभर ठेचलेलं आलं आणि पाच-सहा मिरे घालून पाच मिनिटं उकळायचं. झाकून गार करायचं, गाळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. साखर थंड रसात नीट विरघळत नाही, म्हणून हा पाक आधीच हवा.

संत्र्याचा रस मात्र पार्टीच्या अगदी आधी काढा. काढून ठेवलेला रस हळूहळू कडसर होतो. आणि मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या गेल्या तरी कडूच होणार. फोडी सोलून, बिया काढून, गाळणीवर हाताने दाबायच्या. वेळखाऊ काम आहे, पण दोन मित्र बसवले की वीस मिनिटांत होतं. रसात पाक, दोन लिंबं आणि काळं मीठ घाला. मूठभर पुदिना तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्या आणि जगात टाका. वास सुटायला तेवढं पुरतं. खलबत्त्यात कुटला तर पानाचा कडवटपणा उतरतो. वरून डाळिंबाचे दाणे टाकले की फोटोपण भारी येतो. बर्फ जगात टाकू नका, ग्लासात टाका. नाहीतर तासाभरात सगळं पाणचट! सगळ्यात शेवटी, पाहुणे आल्यावर, गार सोड्याची मोठी बाटली हळूच ओता आणि एकदाच ढवळा. मला हा सगळा जग दोनशे रुपयांच्या आत पडला.

एक नियम मात्र कडक पाळा. या जगात कुणीही ‘गंमत म्हणून’ काही मिसळायचं नाही. ही गंमत मी कॉलेजच्या एका पार्टीत पाहिली आहे आणि मीही तेव्हा हसले होते. आता नाही हसणार. समोरचा औषधं घेत असेल, त्याच्या धर्मात चालत नसेल, त्याने कुणाला शब्द दिला असेल किंवा त्याला नुसतंच नको असेल. काय प्यायचं हे त्याने ठरवलंय. ते आपण गुपचूप बदललं तर त्याला फसवणूकच म्हणायचं.

आणि कुणालातरी गाडी चालवायची असतेच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बिअरवरून व्हिस्की-व्होडकाकडे वळणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींनी हेही लक्षात ठेवावं, की महाराष्ट्रात त्यासाठी वयाची अट २५ आहे. हे लेक्चर वाटत असेल तर सॉरी. पण त्या रात्री नाकाबंदीवर कुणी आपल्याला विचारणार नाही, की तुमचा मूड कसा आहे.

मित्रांशी हे बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला, ‘‘अगं, कोला दिला की झालं, एवढा घाट कशाला?’’ कोला वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण बाकीच्यांसाठी तासभर तयारी आणि एकासाठी झाकण उघडलेली बाटली, यातून त्याला कळतं की आपली आठवण शेवटी झाली. दुसरा आक्षेप, ‘‘त्याला पार्टीला यायचंय ना, मग दोन प्रश्न ऐकायला काय जातं?’’ प्रश्न दोनच असते तर ठीक होतं. प्रत्येकाचा एकच असतो, पण त्याच्या वाट्याला अख्ख्या ग्रुपचे येतात.

दोन आठवड्यांपूर्वी मी या जगाची ट्रायल घेतली. सहा जण होतो, तोही होता. सगळ्यांच्या हातात सारखेच ग्लास. गप्पा जमल्या, नंतर दोघांनी बिअर उघडली, कुणाचं लक्षही गेलं नाही. त्या संध्याकाळी प्रश्न आले ते ग्लासाबद्दल, ‘‘हा वास कसला गं? गवती चहा घातलास का?’’ त्याने दुसरा ग्लास घेतला आणि म्हणाला, ‘‘मीठ कमी आहे.’’

कमीच होतं. थर्टी फर्स्टला चिमूटभर जास्त घालणार आहे. आणि ग्रुपवरच्या पोलमध्ये ड्रिंक्सच्या यादीत सगळ्यात वर लिहून टाकलंय, ‘एक जग, सगळ्यांसाठी. संत्री सोलायला दोघं हवेत.’ पहिलं नाव त्याचंच आलंय.