सहा सप्लाय, एकच बोर्ड

“मामा, सर्व्हर डाऊन हाय. उद्या या.”

धाराशिव जिल्ह्यात हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, असा माणूस मला दाखवा. परंड्याला ऐका, उमरग्याला ऐका, कळंबला ऐका. वाक्य तेच, फक्त खिडकी वेगळी. आणि मामा काय करतात? पिशवीत कागद परत घालतात आणि एसटी स्टँडचा रस्ता धरतात. एक दिवस गेला, एक मजुरी गेली, येण्याजाण्याचं भाडं गेलं. याची नोंद कुठल्याच सर्व्हरवर होत नाही.

आता आधी एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. प्रत्येक ‘सर्व्हर डाऊन’ आपल्या जिल्ह्यातला नसतो. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा आला, 2021 पासून ई-पीक पाहणी आली. ती यंत्रणा राज्याची, तिथं आपला वायरमन काही करू शकत नाही. पण जे सर्व्हर आपल्या जिल्ह्यात, आपल्याच इमारतीत, आपल्याच पैशाने बसलेत, त्यांचं काय? त्यातले कितीतरी बंद पडतात ते केवळ विजेच्या जोडणीपायी. मी हेच काम करतो, म्हणून बोलतोय.

जून महिना होता. पेरणीचे दिवस. एका संस्थेत (नाव घेणार नाही, त्या एकट्यांचा हा दोष नाही) पीककर्जाचं नवं-जुनं करायला माणसांची रांग लागलेली. साडेअकराच्या सुमारास वारं सुटलं, लाइट गेली. चार मिनिटं यूपीएस ओरडला आणि मग सगळं गप्प. मला बोलावणं आलं तोवर रांग पांगली होती. एक आजोबा मात्र पायरीवर बसून होते. “बियाणाच्या दुकानदाराला आजचा शब्द दिलाय,” एवढंच म्हणाले.

आत गेलो. खोलीत ब्लेड सर्व्हरची पेटी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका मोठ्या लोखंडी पेटीत पुस्तकांसारखे उभे सर्व्हर बसवतात. एकाच पेटीत दहा, बारा, सोळा. प्रत्येकाला वेगळा वीजपुरवठा नसतो. पेटीच्या मागच्या बाजूला सहा पॉवर सप्लाय असतात, ते सगळ्यांना मिळून वीज देतात. म्हणजे जागा वाचते, पण पेटी पडली की सगळे एकदम पडतात. म्हणूनच तिला सहा सप्लाय दिलेले असतात. तीन एका लाइनवर आणि तीन दुसऱ्या लाइनवर जोडायचे, एक लाइन मेली तरी दुसरीने पेटी चालवायची, असा हिशेब.

इथं सहाच्या सहा वायरी एकाच यूपीएसवर होत्या.

आणि दुसरा यूपीएस? तो होता ना! कोपऱ्यात चालू होता, हिरवा दिवा लागलेला. डिस्प्लेवर लोड किती? शून्य टक्के. टेंडरमध्ये दोन यूपीएस होते, दोन आले, दोघांचं बिल निघालं. पण दुसऱ्याची लाइन रॅकपर्यंत कुणी ओढलीच नाही. मशीन एकाच्या टेंडरात, वायरिंग दुसऱ्याच्या टेंडरात. मशीनवाला म्हणतो पॉइंट द्या, वायरिंगवाला म्हणतो माझ्या नकाशात नाही. आणि कागदावर बरोबरची खूण: ‘रिडंडंट पॉवर सप्लाय – होय.’

याला मी म्हणतो, एका दाव्याला बांधलेले दोन बैल. दावं तुटलं की दोन्ही बैल गेले. मग गोठ्यात दोन बैल होते म्हणून काय उपयोग?

बरं, नुसत्या दोन लाइन ओढल्या म्हणजे झालं, असंही नाही. हिशेब करावा लागतो आणि तो सहावीच्या पोराला जमेल एवढाच आहे. समजा एकेक सप्लाय 2,400 वॅटचा. एक सप्लाय जळाला तरी चालावं एवढीच अपेक्षा असेल तर पाच धरा, 12,000 वॅट मिळतात. पण अख्खी एक लाइन गेली तरी चालावं असं हवं असेल तर तीनच धरायचे, म्हणजे 7,200 वॅट. आता पेटीवर 9,000 वॅटचा भार टाकला असेल आणि एक लाइन गेली, तर उरलेल्या तिघांवर झेपेल त्याहून जास्त येतं आणि तेही बसतात. चांगल्या पेटीत हे आधीच ओळखायची सोय असते. भार मर्यादेबाहेर गेला की ती नवा सर्व्हर चालू करायला नकार देते. मग आपण काय करतो? सेटिंग बदलतो. “चालू झालं ना, बास.” गाडीचा ब्रेक लागतोय म्हणून ब्रेकच काढून ठेवला, असा प्रकार.

यूपीएसचंही तेच. दोन्ही यूपीएस साठ-साठ टक्के भरले असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर एकशेवीस टक्के येतं. तो ट्रिप होणारच. जोडीने काम करणारा यूपीएस निम्म्याच्या वर भरायचा नाही. आणि दोन्ही यूपीएस एकाच पॅनलच्या एकाच एमसीबीवर असतील तर पुन्हा तोच एक दावा.

परवा एक साहेब मला म्हणाले, “अहो, आपल्याकडे लाइटच टिकत नाही, त्याला आम्ही काय करणार?” साहेब, लाइट जाणारच. वळवाच्या वाऱ्यात जाणार, पावसाळ्याआधी तारांच्या कामासाठी सांगून बंद करणार, डीपी जळाला तर दोन दिवस नसणार. हे काय आज कळलं का? म्हणूनच तर लोकांच्या पैशाने दोन यूपीएस, सहा सप्लाय आणि जनरेटर घेतला. लाइट गेली हे कारण महावितरणचं. लाइट गेल्यावर सर्व्हर गेला हे कारण आपलं.

दुसरे म्हणतात, “सगळं क्लाउडवर टाका, कटकट मिटेल.” क्लाउड काय आभाळात असतो का? तोही कुणाच्या तरी खोलीतला सर्व्हरच. आणि तिथपर्यंत जाणारा तुमचा राउटर ज्या अडॅप्टरवर चालतो, त्याला एकच वायर असते. मी अशा खोल्या बघितल्यात, जिथं पेटी दिमाखात चालू आहे आणि पन्नास रुपयांचा बोर्ड बंद पडल्यामुळे राउटर मेलाय. खिडकीवरच्या माणसाला उत्तर तेच: सर्व्हर डाऊन.

ही चूक फक्त आपल्यासारख्या मागास म्हणवणाऱ्या जिल्ह्यात होते असं समजून लाजू नका. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेत डेल्टा या बड्या विमान कंपनीच्या अटलांटातल्या केंद्रात वीज गेली. कंपनीनेच नंतर सांगितलं की सुमारे 7,000 उपकरणांपैकी 300 च्या आसपास उपकरणं बॅकअप विजेला नीट जोडलेलीच नव्हती. तीन दिवसांत दोन हजारांवर उड्डाणं रद्द झाली. फरक एवढाच की तिथं कंपनीच्या प्रमुखाने पुढे येऊन माफी मागितली. आपल्याकडे मामाला “उद्या या” सांगतात.

आता माझं मागणं. नवीन खरेदीचा एक रुपयाही मागत नाही. जे घेतलंय ते वापरा.

1. जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक सर्व्हर खोलीत सहा सप्लायच्या सहा वायरी कुठं जातात, ते हाताने धरून शोधा. कागदावरून नव्हे. दोन लाइनच्या वायरींना दोन रंगांच्या पट्ट्या लावा.

2. तीन महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आधी सगळ्या डेटाची प्रत काढून, एक लाइन मुद्दाम बंद करा. पेटी चालली तर पास. मग दुसरी बंद करा. ज्याने बॅकअपची वायर कधी उपटून बघितली नाही, त्याच्याकडे बॅकअप आहे असं मी मानत नाही.

3. बॅटरीचं वय दारावर लिहा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. त्या चार मिनिटांत बसलेल्या बॅटऱ्या सहा वर्षांच्या होत्या.

4. खोलीचा एसी जनरेटरवर घ्या. सर्व्हर चालू आणि एसी बंद, म्हणजे अर्ध्या तासात भट्टी. जनरेटर नुसता घुरघुरवून बघू नका, भार टाकून बघा. टाकीत डिझेल आहे का तेही बघा.

5. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. हसू नका, हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं.

6. मशीन, वायरिंग आणि यूपीएस यांची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. आणि चाचणीची तारीख व निकाल खिडकीबाहेर लावा. मामाला वाचता येतं.

त्या संस्थेत पुढं काय झालं? दुसऱ्या यूपीएसची लाइन ओढली, तीन वायरी तिकडं घेतल्या, पेटीवरचा भार कमी केला. एका वायरमनचं एका दिवसाचं काम. नवीन सामान म्हणाल तर वायर, एक एमसीबी आणि तीन सॉकेट. इतकी वर्षं एवढ्यासाठी अडलं होतं. पण आजोबांचा तो दिवस गेला तो गेलाच. दुकानदाराला दिलेला शब्द कुठल्या यूपीएसने परत यायचा?

तुमच्या गावात, तुमच्या पतसंस्थेत, दवाखान्यात, नगरपालिकेत, कॉलेजात पुढच्या वेळी “सर्व्हर डाऊन” ऐकलं, तर चिडू नका, शिव्या देऊ नका. खिडकीवरच्या पोरीचा त्यात काही दोष नसतो. फक्त आतल्या साहेबांना दोन प्रश्न विचारा: “साहेब, दुसरी लाइन कुठाय? आणि शेवटची कधी तपासली?”

उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. मी वाचतोय.