विश्लेषण : धुक्यात विमान उतरवणारी ‘आयएलएस’ असूनही उड्डाणे का रखडतात?

डिसेंबर उजाडला, की दिल्ली विमानतळावरील धुके बातम्यांत येऊ लागते. त्याचा फटका मुंबई, पुणे, नागपूरच्या प्रवाशांनाही बसतो, कारण एकच विमान दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करत असते. दाट धुक्यातही विमान उतरवण्यास मदत करणारी ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम’ म्हणजेच ‘आयएलएस’ दिल्लीत आहे. तरीही विमाने जयपूर वा अन्यत्र का वळवावी लागतात?

‘आयएलएस’ काम कसे करते?

या यंत्रणेचे दोन मुख्य भाग असतात. ‘लोकलायझर’ विमानाला डावे-उजवे सांगतो, तर ‘ग्लाइड स्लोप’ वर-खाली. लोकलायझरचे अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतात. त्यांच्या रेडिओ लहरींवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन संकेत स्वार असतात. उतरणारे विमान मध्यरेषेच्या डावीकडे गेले तर ९० हर्ट्झचा संकेत प्रबळ होतो, उजवीकडे गेले तर १५० हर्ट्झचा. दोन्ही सारखेच मिळाले, की विमान नेमके मध्यरेषेवर आहे असे समजते.

ग्लाइड स्लोपचा अँटेना विमान जिथे टेकते त्या भागाच्या बाजूला असतो. त्याचे तत्त्व तेच, पण तो उताराचा कोन दाखवतो. हा कोन साधारण ३ अंशांचा असतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे विमान सुमारे ५२ मीटर खाली येते.

‘कॅट-१’, ‘कॅट-२’, ‘कॅट-३’ म्हणजे काय?

यंत्रणेवर किती खालपर्यंत विसंबायचे, त्याच्या या श्रेणी आहेत. ‘कॅट-१’मध्ये विमान साधारण २०० फुटांवर आले, की वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावे लागते. ‘कॅट-२’मध्ये ही मर्यादा १०० फुटांपर्यंत खाली येते. ‘कॅट-३’मध्ये ती त्याहूनही कमी असते आणि विमान ‘ऑटोपायलट’ उतरवतो. ‘कॅट-३ बी’ सुविधेत धावपट्टीवर जेमतेम ५० मीटरपर्यंतचे दिसत असतानाही विमान उतरू शकते.

मग अडते कुठे?

जमिनीवरील यंत्रणा हा साखळीचा एक दुवा झाला. विमानातील उपकरणे त्या श्रेणीची हवीत आणि वैमानिकांनी त्याचे खास प्रशिक्षण घेतलेले हवे. यातील एक जरी नसेल, तर अद्ययावत धावपट्टीही त्या विमानासाठी बंद असल्यासारखीच. २०२३च्या डिसेंबरअखेरीस दिल्लीत हेच दिसले. धुक्यामुळे अनेक विमाने वळवावी लागली. काही उड्डाणांवर ‘कॅट-३’चे प्रशिक्षण नसलेले वैमानिक नेमल्याचे चौकशीत पुढे आले. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांना प्रत्येकी ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला.

सर्व काही सज्ज असले तरी उशीर का?

जमिनीवरील विमाने आणि वाहनांवर आदळून रेडिओ लहरी परावर्तित झाल्या, तर संकेत बिघडू शकतो. त्यामुळे धुक्यात अँटेनांजवळचा भाग मोकळा ठेवतात आणि दोन विमानांतील अंतर वाढवतात. साहजिकच तासाभरात कमी विमाने उतरतात. दुसरे म्हणजे, ‘आयएलएस’ उतरण्यासाठी आहे. उड्डाण करताना वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसावी लागते. त्यासाठी दिल्लीत किमान १२५ मीटर दृश्यमानता आवश्यक मानली जाते. म्हणून ५० मीटरमध्ये उतरलेले विमान पुढच्या फेरीसाठी मात्र धुके विरळ होण्याची वाट पाहत थांबते.

यातून धडा काय?

दिल्लीतील धुक्याचा हंगाम अधिकृतरीत्या १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी असा धरला जातो. तो अचानक येत नाही. त्या काळात दिल्लीच्या रात्रीच्या आणि पहाटेच्या फेऱ्यांवर योग्य विमान आणि प्रशिक्षित वैमानिक नेमणे हे विमान कंपन्यांच्या हाती असते. निसर्गामुळे होणारा विलंब प्रवासी समजून घेतात. पण ढिसाळ नियोजनाचे खापर धुक्यावर फोडता येणार नाही.