घराची ओढ

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली एक प्रौढ बिबट्या विहिरीत पडला. त्याला सुखरूप बाहेर काढण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले. पुढे त्याला माळशेज घाटातील जंगलात सोडले.

आजोबा मात्र तेथे रमला नाही. लोहमार्ग व महामार्ग ओलांडून, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटरची वाट तुडवत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. तेच त्याचे मूळ स्थान असावे, असा तर्क केला गेला.

व्यापारानिमित्त मुलूख सोडलेल्या कुटुंबांना ही ओढ अपरिचित नाही. नगरच्या बाजारपेठेत चार पिढ्या सरल्या, तरी मूळ गावाचे नाव घरात निघतेच.

जिल्ह्यातील कित्येक बिबट्यांचा जन्म आता उसातच होतो. त्यांचे घर तेच. ऊसतोडणीत सापडलेले पिल्लू सायंकाळी त्याच जागी ठेवले, तर अंधारात आई येऊन त्याला घेऊन जाते. बिबट्याचे भय खरे आहे. त्याच्या हल्ल्यात माणसेही दगावतात. परंतु त्याला पकडून दूर सोडल्याने संकट टळत नाही. शेजारच्या जुन्नर भागात पकडलेले बिबटे २००१ नंतर इतरत्र सोडले गेले, तेव्हा त्या ठिकाणांजवळ माणसांवरील हल्ले वाढल्याचे आढळले.

जीव वाचवून घर हिरावले, तर ती दया अपुरीच राहते.