आधी मांडावरची नोंद, मग नवा साज

लोकगीत वाचवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी रंगमंच ठरतो, मग पोशाख, मग कार्यक्रम. गाणं कोणाचं, कुठल्या मांडावरचं, कुठल्या दिवसाचं, हे विचारायचं राहूनच जातं. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीतल्या धनगर-गवळ्यांच्या, गुराख्यांच्या गाण्यांबाबत तरी हा क्रम उलटा व्हायला हवा, आणि तोही लवकर. नवरात्रात धनगर आपले देव मांडावर, म्हणजे नाचगाण्याच्या ठरलेल्या जागी, आणून नाचतात, गातात. दिवाळीच्या पाडव्याला गोरवांना, म्हणजे गुरांना, सजवून, ओवाळून गोडधोड भरवलं जातं. धेंडलोच्या निमित्ताने गुराखी पोरं कृष्णाला घेऊन दारोदार गात फिरतात. ही सारी गाणी गुरांमागच्या जगण्यातून आलेली, आणि ते जगणंच आक्रसत चाललं आहे. डिचोलीच्या डोंगरांवर खाणी आल्या. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली आणि त्या प्रकल्पापायी धनगर कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. चरणीची जागा गेली की गुरं जातात, आणि गुरं गेली की गाण्याला निमित्त उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, काम संपलं तर त्याचं गाणंही संपणारच, त्याला काय इलाज? अमेरिकेतल्या काउबॉयची गोष्ट याला खोडून काढते. टेक्ससमधून गुरांचे कळप शेकडो मैल हाकत रेल्वेपर्यंत नेण्याचा तो जमाना जेमतेम वीस-पंचवीस वर्षं टिकला. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळ्या कुरणांना कुंपणं पडली, रेल्वे जवळ आली आणि तो उद्योग आटोपला. गाणी मात्र राहिली, कारण जॅक थॉर्प यांनी १९०८ मध्ये आणि जॉन लोमॅक्स यांनी १९१० मध्ये ती पुस्तकरूपात छापली. पुढे १९३० च्या दशकात ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ने गुराख्याच्या गाण्याला अनेक आवाजांच्या स्वरमेळाचा साज चढवला, आणि ते रेडिओ-सिनेमातून घरोघर पोचलं. नेवाडातल्या एल्को गावात १९८५ पासून गुराखी-कवींचा मेळावा भरतो आहे.

पण याच इतिहासात आपल्यासाठी एक ताकीदही आहे. लोमॅक्स यांनी निरनिराळ्या गायकांची कडवी एकत्र जुळवली. मूळ कुठलं आणि जोडकाम कुठलं, हे नंतर सांगणं कठीण झालं. ‘होम ऑन द रेंज’ हे गाणं त्यांना सान अँटोनियोत एका कृष्णवर्णीय गुत्तेवाल्याकडून मिळालं. कळपांबरोबर तो स्वयंपाकी म्हणून फिरलेला होता. हे गाणं देशभर गाजल्यावर १९३४ मध्ये हक्कावरून पाच लाख डॉलरचा दावा दाखल झाला. एका वकिलाला गावोगाव फिरून जुन्या माणसांना विचारावं लागलं, तेव्हा कुठे सिद्ध झालं की शब्द कॅन्ससमधल्या ब्रूस्टर हिग्ली या डॉक्टरचे, १८७० च्या दशकातले. नोंद नसलेलं गाणं कोणीही आपलं म्हणू शकतो, आणि आपल्या धनगराकडे कोर्टात जायला ना पैसा आहे ना कागद.

असा नवा साज आपल्या गाण्याला चढवायचा म्हटलं, की दुसरा आक्षेप येतो तो शुद्धतेचा. पेडणे-डिचोलीचं गाणं एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं; धालो या बायकांच्या नाचगाण्यात समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन रांगाही गाणं असंच पुढे नेतात. त्यात स्वरमेळ कशाला घुसडायचा? ही काळजी खरी आहे. हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, त्यामुळे सासष्टी-बार्देशातल्या चर्चशाळांची संगीताची तालीम इथे रुजली नाही. तरीही दोन आवाजांत गायला जाणारा मांडो गोव्याचाच आहे, आणि त्याच्या साथीचं घुमट डिचोलीत आरतीलाही घुमतं. या घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, बकऱ्याचं आलं, आणि २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. बदल उघडपणे केला, तर परंपरा तो पचवते. तरुण गायकांनी धनगरी गाण्याला दोन-तीन आवाजांचा मेळ जरूर द्यावा, पण मूळ ध्वनिमुद्रण त्याच्या शेजारी उपलब्ध असलं पाहिजे, आणि नव्या साजावर साज चढवणाऱ्याचं नाव असलं पाहिजे.

म्हणून कला अकादमी आणि कला व संस्कृती संचालनालयाकडे मागणी साधी आहे. कार्यक्रमाआधी मुद्रण करा. प्रत्येक गाण्यासोबत गाव, मांड, सण आणि गाणाऱ्याच्या संमतीने त्याचं नाव नोंदवा. त्याला मानधन द्या, एक प्रत त्याच्या वाड्यावर आणि एक गावच्या शाळेत ठेवा. ज्या सड्यांवर आजही गुरं चरतात, ते चरणीसाठी राखा, कारण जिवंत गाण्याला जिवंत कारण लागतं. यातलं पहिलं काम या नवरात्रापासूनच सुरू होऊ शकतं. म्हातारे गायक आहेत तोवरच त्याला अर्थ आहे.